चौथा

या गावाचं नाव सापावरून पडलंय,
शेपटीत खुळखुळा असणाऱ्या सापावरून.
कास्कावेल.
बाबा म्हणायचे, तो इंजिनातही राहतो.
दाब वाढला, ठिणगी घाईत पडली
की शेपूट हलवतो.
ते ज्याला ऐकू येतं तो मेकॅनिक,
बाकीचे नुसते पाने फिरवणारे.

आता बाबांना ऐकू येत नाही.
एक्केचाळीस वर्षं उघड्या सायलेन्सरांजवळ उभे राहिले,
डावा कान आधी गेला, मग उजवा.
कानाला लावायची त्यांची तांब्याची नळी
खिळ्याला टांगलेली आहे, हिरवी पडत.

जुलैची रात्र. इथे जुलै म्हणजे थंडी.
डायनोच्या रोलरवर एव्हाल्डोची गोल,
नाव गोल, अंग सगळं चौकोनी.
सत्याऐंशीचं मॉडेल, दाराला गंज,
आणि पोरगा पाचशे घोडे मागतोय.
बेकरीत पहाटे तीनला भट्टी लावतो.
टर्बो घेतलाय हप्त्यांवर.

गाडी उसाच्या अल्कोहोलवर चालते.
थंडीत ते पेटायला कुरकुरतं,
आधी पेट्रोलचा एक घोट पाजावा लागतो.
मग गॅरेजभर गोडसर, आंबूस वास
आणि डोळ्यांची चुरचुर.

लॅपटॉप मांडीवर.
आडवे फेरे, उभा दाब,
प्रत्येक चौकटीत एक आकडा:
इंजेक्टरने तोंड किती वेळ उघडं ठेवायचं.
नऊ मिलिसेकंद. साडेनऊ. अकरा.
एवढ्यात माणसाचा 'अ'सुद्धा म्हणून होत नाही.

चारशे बारा.
थोडं इंधन जास्त, ठिणगी एक अंश मागे.
चारशे चाळीस.
लॅम्डाची रेष ओळंबा लावल्यासारखी सरळ.
चारशे एकाहत्तर.
एव्हाल्डो दर खेपेला पडद्याचा फोटो काढतो,
आईला पाठवतो. रात्रीचे साडेअकरा.

तेव्हा बाबा स्टुलावरून उठले.
मी गाडी तीन हजारावर धरली होती.
लांबडा स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक ब्लॉकला टेकवलं,
लाकडी मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.

मग चार बोटं वर.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. सगळं हिरवं.
त्यांनी पाहिलंही नाही. पुन्हा चार बोटं.
राग आला मला, खोटं कशाला बोलू.
हे आकडे मी रात्री जागून शिकले होते,
कुरितिबाला बसने जाऊन, फी भरून.
प्लग काढले ते त्यांना खोटं पाडायला.

पहिला बिस्किटासारखा तपकिरी. दुसराही. तिसराही.
चौथा खडूसारखा पांढरा,
वर राखाडी बारीक ठिपके.
पिस्टन वितळायला लागला होता.

सेन्सर एकच असतो.
चार नळ्या मिळतात तिथे बसतो,
चौघांचा श्वास एकत्र हुंगतो
आणि मला कळवतो: घरी सगळे जेवले.
तिघं पोटभर, चौथा उपाशी,
हिशेब मात्र बरोबर.

इंजेक्टरच्या जाळीत तपकिरी डिंक निघाला,
डाळीच्या दाण्याएवढा.
एव्हाल्डोने तो तळहातावर घेतला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
"अजून एक खेप मारली असती तर?"
मी पाना पुसत राहिले.
पावणेतीनला तो बेकरीत गेला, चालतच.

बाबा झोपायला गेल्यावर
मी हत्यारं जागेवर लावली.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर दातांच्या खुणा होत्या.
एका रात्रीच्या नव्हत्या.
जुन्या, तेल मुरून काळ्या झालेल्या,
एकीवर एक.
म्हणजे मी घरी गेल्यावर
माझी प्रत्येक गाडी...

धुतलेला इंजेक्टर बसवला. गोल चालू केली.
इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं.
मूठ दातांत धरली.
तेल, जुनं लाकूड, त्यांची तंबाखू.
आधी नुसती घरघर, सगळ्यांची मिळून एकच.
मग जबड्यात, कानाच्या खूप खाली,
कुणीतरी वेगवेगळं दार ठोठावायला लागलं.
एक, तीन,
चार,
दोन.