सतरावा टाका

मी आकडे लिहितो. धंदाच तो माझा.
कुणाच्या तळघरातली गाडी बघायची,
वाकून, हातमोजे घालून, बॅटरीच्या उजेडात,
आणि कागदाच्या तळाशी एक रक्कम मांडायची
जिच्याखाली सही करताना
आपलाच हात आपल्याला परका वाटतो.

लुगानोच्या त्या तळघरात
हवा कोरडी ठेवणारं यंत्र तेवढं गुरगुरत होतं.
गाडी गप्प.
पंच्याऐंशी सालची,
शर्यतीच्या नियमापुरत्या दोनशेच काढल्या होत्या, त्यातली.
धावलेली चारशे अकरा किलोमीटर.
टायरवर टिचकी मारली तर लाकूड वाजलं.
हत्ती मेला की सव्वा लाखाचा होतो म्हणतात;
इथे तर मारूनच ठेवला होता,
पुसून, मेण लावून.

वकील म्हणाला, अस्सल कशावरून?
चासीवरचा नंबर काय, कुणीही ठोकतो.

म्हणून मोंकालिएरीला गेलो, तिसरा मजला, लिफ्ट बंद,
डेल्फिना गिगो यांना आणायला.
वय एक्क्याऐंशी.
सीटा शिवणाऱ्या सहाजणींतली उरलेली एक.
येताना त्यांनी पर्समध्ये अंगुस्ताना घेतला.
कशाला, ते मी विचारलं नाही.

गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
दार उघडून सरळ हात घातला सीटखाली,
संधिवातानं वाकडी झालेली बोटं
शिवणीवरून सरकू लागली, ओठ हलत होते,
चौदा, पंधरा, सोळा,
आणि थांबल्या.
"इथे उडी आहे. माझीच.
संपाच्या आदल्या दिवशीची. लक्ष नव्हतं.
बाराले मुकादमानं अर्धा दिवस कापला होता."

वकिलाचा चेहरा उजळला.
ही चूक, तो म्हणाला, चाळीस हजार तरी वाढवील.
युरो.

डेल्फिनाबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "सही करीन.
पण आधी माझा अर्धा दिवस द्या."
वकील हसला, पाकीट काढलं, शंभराची नोट पुढे केली.
त्यांनी ती बोटानं मागे सारली.
"सव्वीस हजार लिरे कापले होते.
म्हणजे तेरा युरो त्रेचाळीस सेंट.
गाडीत बसल्याबसल्या हिशेब केला.
व्याज नको."

सुटे माझ्याकडेच निघाले.
त्यांनी मोजून घेतले, आणि माझ्याच पॅडवर
पावती लिहून दिली,
तिरप्या, शाळेतल्या अक्षरात:
अर्धा दिवस. मिळाला.

आता तुम्ही मला विचाराल,
गाडी त्या किमतीची आहे का?
मी नऊ वर्षांचा असताना
लांगेच्या टेकड्यांवर, मध्यरात्री,
बाबांनी मला कठड्यावर उभं केलं होतं.
आधी कुत्री गप्प झाली.
मग दरीतून एक आवाज वर चढत आला,
कापड फाटावं तसा, आणि फाटतच राहिला.
दिवे वळले, खडी पोटरीवर लागली, संपलं.
चार सेकंद.
बाबा नंतर घरापर्यंत काही बोलले नाहीत;
एरवी त्यांचं तोंड मिटत नसे.
त्या चार सेकंदांचे कोण किती देईल, देवो.
मी नाही म्हणणार नाही.
फक्त ते चार सेकंद या तळघरात नव्हते.
मी बॉनेट उघडून पाहिलं आहे.

लिलावात हातोडा पडला नऊ लाख वीस हजारांवर.
टाळ्या वाजल्या.
घेणारा फोनवर होता, कुठल्या देशातून ते सांगितलं नाही.
गाडी ट्रकवर चढली ढकलत,
चौघांनी, मोजे घालून,
आकडा चारशे अकराच राहावा म्हणून.

फाईलमध्ये सगळं लावलं होतं मी:
फोटो, दाखले, सतराव्या टाक्याचं वर्णन,
डेल्फिनाबाईंची सही.
पावती तेवढी लावली नाही.
वकिलानं दोनदा फोन केला,
म्हणाला, असला कागद म्हणजे सोनं, दहा हजार कुठे गेले नाहीत.
मी म्हटलं, हरवली.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.
घडीवर आता फाटत चालली आहे.