तीन सेकंदांचं दार

लिही, इग्नात्सी. पेन आहे ना?
या शहराचं नाव वूच. वूच म्हणजे नाव, वल्ह्याची.
आणि नदी? ती कधीच रस्त्यांखाली गाडली.
पहिली चूक ही धर,
आमच्या त्यानंतरच्या.

अंतराळात स्फोटाचा आवाज येत नाही, बरोबर.
शाळेत आम्हीही शिकलो होतो.
वजन हरवलेल्या यानात चहा ग्लासात शहाण्यासारखा बसलाय,
वर लिंबाची चकती. तेही बरोबर.
खिडकीतली पृथ्वी उलटी फिरते:
ती वात्सेक फिरवायचा, पडद्यामागून, हाताने,
डावखुरा होता बिचारा.
सूर्य पश्चिमेला उगवला की तुम्हाला खटकतं.
आम्हाला सवय होती.

कमांडरच्या गालावरचा व्रण
सत्तावीस दृश्यांत डावीकडे, एकात उजवीकडे.
ते माझं पाप.
त्या दिवशी धाकट्याला ताप होता.

माझं काम तेवढंच: खंड पडू द्यायचा नाही.
सिगारेट किती जळली, बटणं किती लागली,
ग्लासात पाणी कुठवर,
कोणत्या हाताने दार ढकललं.
वहीत चित्रं काढायचे, पोलरॉइडची चैन नव्हती.
बाहेर काहीही तुटो,
पडद्यावर सांधा दिसू नये
यासाठी पगार, आणि दुपारी कॅन्टीनमधलं बीटचं सूप.

आता तुझं ते दृश्य. एक्केचाळीस.
सभागृह हसलं, मीही ऐकलं.
ओल्गिएर्द हवाबंद दारातून आत शिरतो,
गुबगुबीत, मिशी दाट,
आणि तीन सेकंदांनी पलीकडे निघतो
तर गालांचे खड्डे, सूट खांद्यांवरून ओघळतोय,
जणू दाराच्या जाडीत कुणी त्याला सोलून काढलंय.
तुझ्या यादीत यापुढे लिहिलंयस: सगळ्यांत ढोबळ.

आत जाणं आम्ही घेतलं अकरा डिसेंबरला, शुक्रवारी.
एक्क्याऐंशी साल.
बाहेर येणं सोमवारी ठरलं होतं.
रविवारी पहाटे टेलिफोन मेले,
बर्फात रणगाडे उभे राहिले,
आणि त्याला घरातून उचललं, पायात सपाता.

सोमवार उजाडला ऑगस्टात.

मी वही उघडली. नोंद होती:
उजवा हात हँडलवर, कॉलरचं वरचं बटण उघडं, नजर सरळ.
मी त्याचं बटण उघडलं. हात हँडलवर ठेवला.
हात थरथरत होता,
थरथर वहीत कुठेच नव्हती.
दिग्दर्शक म्हणाले, मिशी चिकटवू, गालांत कापूस भरू.
कापूस आणलाही.
ओल्गिएर्दने तोंड उघडलं, शहाण्या मुलासारखं.
वरचे दोन दात नव्हते.
मी कापूस एप्रनच्या खिशात घातला,
म्हटलं, बटण जुळतंय. घ्या.

नजर तेवढी जुळत नव्हती.
जुळली असं लिहिलं, खाली सही केली.
तेवीस वर्षांच्या नोकरीत
जाणूनबुजून केलेली तेवढी एकच.

सेन्सॉरच्या साहेबांनी चित्रपट दोनदा पाहिला.
मंगळावरच्या सरकारचा झेंडा कोणत्या रंगाचा
यावर अख्खी दुपार काथ्याकूट केला.
दाराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.
काखेत कळसा, दुसरं काय.

यादी चांगली केली आहेस. खाडाखोड करू नकोस.
फक्त एक्केचाळीसपुढे, समासात जागा असेल तर,
दाराची जाडी लिही:
आठ महिने.

आणि हो, चहातलं ते लिंबू.
लिंबं कुठे मिळत होती तेव्हा?
गाजराची चकती होती, पिवळी रंगवलेली.
हे मात्र तुला सापडलं नाही.