शुद्धिपत्र

फ्रॅनेकर. कालवा गोठलेला,
शिशाचे खिळे बोटांना चावतात.
डॉक्टर आल्ड्रिंगांचा घामावरचा ग्रंथ
जुळवून होत आलाय.

आभाराचं पान आधीच छापलं:
सगळ्यांत मोठे खिळे राजप्रतिनिधीला,
मग तीन प्राध्यापक
(एक वारलेला, त्याच्या नावाआधी बारीक क्रूस),
मग सासरेबुवा, कागदाचे पैसे त्यांचे.
तळाशी औषधवाला वोब्बे.
ओळीत जागा संपली, म्हणून नुसता 'वो.'

बाउक्ये कुठेच नाही.
हस्तलिखितात होती, बाविसाव्या पानाच्या समासात,
डॉक्टरांच्याच घाईच्या अक्षरात:
"परटीण बाउक्ये म्हणते, ज्याच्या चादरीचा पिवळा डाग
तिसऱ्या धुण्यालाही हटत नाही
तो माणूस खाटेवरून उठत नाही.
मोजलं. अकरांत दहा खरे."
वर आडवी रेघ. रेघही घाईचीच,
नाव खालून दिसतच राहिलं.
आणि शेजारी मजकुरात, सावकाश, ठाम शाईत:
मी पाहिले.

मी तिला ओळखतो.
माझा शाईचा अंगरखा ती धुवायला घेत नाही.
म्हणते, हा डाग मरणाचा नाही,
पण जायचाही नाही.

डॉक्टरांना विचारलं. रागावले नाहीत,
चष्मा पुसत बसले. म्हणाले,
"लॅटिनमध्ये बाउक्ये चालवायची कशी?
कुठली विभक्ती लावू?"
आणि स्वतःच हसले, थोडेसे.

रात्री दिवा मोठा केला.
लॅटिन मला येत नाही, पण हाताला येतं:
'मी पाहिले' आणि 'तिने पाहिले'
यांत अंतर एका खिळ्याचं,
शेवटी एक 'त', बस.
(तिने की त्याने, ते लॅटिन सांगत नाही.
असू दे.)

शुद्धिपत्रात अकरा चुका माझ्या होत्या.
बारावी घातली:
पान बावीस, ओळ नववी, शेवटी 'त' वाचावा.

शुद्धिपत्र कोणी वाचत नाही.
डॉक्टरांनी वाचलं.
त्यांचं बोट बाराव्या ओळीवर थांबलं,
बराच वेळ,
मग त्यांनी खाली सही केली
आणि थंडी फार आहे म्हणाले.

एक ताव तिला दाखवायला नेला.
हात कोपरापर्यंत राखेच्या पाण्यात.
ते पुसून तिने तो 'त' न्याहाळला,
उलटसुलट, उजेडाकडे धरून,
नखानं जरासा खरवडला.

"नाही जायचा," म्हणाली,
आणि पुढची चादर ओढली.