बाविसावं मिनिट

तिसऱ्यांदा घेऊन आला जगन माधवी गवत कापायचं मशीन.
खांद्यावरून उतरवलं, टेबलावर आडवं ठेवलं,
म्हणाला, ताई, आता तुम्हीच काय ते विचारा याला.
मी दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला सुरू.
त्यानं कपाळावर हात मारला:
"बघा! तुमच्याकडं आलं की शहाण्यासारखं वागतं."

कोपरखैरण्यातला माझा गाळा आठ बाय दहा,
एक टेबलफॅन, दिवसभर सावली.
तळवलीहून रिक्षात इथवर येईस्तोवर
त्याचा ताप उतरलेला असतो.
मी कार्बोरेटर धुतला होता, डायफ्राम बदलला होता,
प्लगची फट पत्तीनं मोजली होती,
सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी जाळली होती.
कॉइलला मीटर लावला: आकडा बरोबर.
दोनदा पैसे घेतले.
तिसऱ्यांदा हात पुढे होईना.

"किती वेळानं बंद पडतं?"
"गरम झाल्यावर."
"म्हणजे किती?"
"तीन विड्या. वर थोडं."

दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप लावून
त्याच्याबरोबर गेले धारण तलावाच्या उतारावर,
घणसोलीच्या मागे, जिथून खाडी सुरू होते.
मेचा दुसरा आठवडा, बाराला दहा कमी.
कांदळवनातून वारा नाही, नुसता चिखलाचा वास.
त्यानं पट्टा अडकवला, जाळीचा चष्मा लावला
आणि घाणेरीवर पातं फिरवायला लागला.
मी दगडावर बसले, हातात प्लगपाना.
कुणी आजारी पडायची अशी वाट बघत
मी याआधी कधी बसले नव्हते.

दहा मिनिटं. खणखणीत.
पंधरा. एक पाणकोंबडी गवतातून पळाली.
एकोणीस. आवाजानं मध्येच एक शब्द गिळल्यासारखा.
जगननं मान वळवली.
मी हातानंच म्हटलं, चालू ठेव, चालू ठेव.
बाविसाव्याला
ते ठसकलं, सावरलं, ठसकलं,
आणि पातं तेवढं मागच्या जोरावर फिरत राहिलं.

आता. निवायच्या आत.
टाकीचं झाकण सैल केलं. हवा अडलेली नव्हती.
स्विचची वायर काढली. तरी नाही.
प्लग काढताना दोन बोटं भाजली.
तो सिलेंडरला टेकवला, वर ओढणीची सावली धरली,
भर दुपारी ठिणगी दिसत नाही.
"ओढ दोरी."
काही नाही.
"पुन्हा."
ओढणीखाली काळोख तसाच.
त्याच्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं,
रुमाल कॉइलवर दाबून धरला, कोमट होईपर्यंत,
पुन्हा ओतलं.
"ओढ."
निळी. बारीक, पण निळी.

मी सांगितलं, आत तांब्याची तार असते,
केसाहून बारीक, हजारो वेढे.
त्यातला एक कुठंतरी तुटलाय.
थंड असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात,
तापलं की सरकतात.
जगन विडी शिलगावता शिलगावता थांबला.
"ताई, हे मशीनचंच सांगताय ना?
का आमच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं
कुणी बोललं तुमच्याजवळ?"

नवी कॉइल तुर्भ्याहून आणली, सहाशे चाळीस.
मजुरी धरली नाही. त्यानं डब्यातून निवट्या पाठवल्या,
त्या साफ कशा करायच्या ते शेजारच्या म्हात्रेकाकूंना विचारलं.
जुनी कॉइल टेबलावर आहे अजून.
शटर ओढण्याआधी कधीकधी मीटर लावून बघते.
आकडा बरोबर.
मीटरवर राग नाही. गार पडल्यावर विचारलं,
तर तो तरी काय सांगणार.

परवा दुपारी जगनचा फोन आला.
"वीस झाली," एवढंच म्हणाला
आणि फोन मशीनकडे धरला.
समोर एक गिऱ्हाईक पंप घेऊन उभं,
त्याला बोटानं थांब म्हटलं.
एकवीस.
मध्येच पातं दगडाला लागल्याचा आवाज, जगनची शिवी.
बावीस.
लांबून कुणी हाक मारली, जेवायला चल रे,
आणि मशीन तसंच.