समजेल अशा भाषेत

विष्णुपुरीच्या दवाखान्यात, लेकरांच्या वॉर्डात
मी सिस्टर आडे. ड्यूटी दुपारची.
पण तांड्यावरचं कुणी आलं
की पाळी कुठलीही असो, हाक मलाच:
आडे, जरा या, ह्यांना तुमच्यात सांगा.

तुमच्यात म्हणजे गोरमाटीत.
माझ्या याडीच्या भाषेत, जिच्यात
बैलाच्या रंगांना ढीगभर नावं आहेत
आणि पेशीला एकही नाही.

डॉक्टर मुक्कावार उभ्यानं बोलतात.
माणूस वाईट नाही. रात्री दोनला फोन केला तरी येतात.
पण बोलतात ते फाईलशी:
काउंट फार कमी आहेत, ब्लास्ट वाढलेत,
औषध सुरू करू, रिस्पॉन्स बघू.
आडे, सांगा.
आणि घड्याळाकडं नजर. पुढं अजून एकवीस खाटा.

समोर किनवटकडची काजल, फार तर चोवीसची.
मांडीवर समृद्धी, वय सहा, हिरड्यांतून रक्त,
मुठीत सलाईनच्या नळीची विणलेली मासोळी.

नर्सिंगला शीर शोधायला शिकवलं होतं.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
मी म्हणाले, रक्त म्हणजे रान समज, बाई.
त्यात तण माजलंय, पीक दबलंय.
औषध मारायचं. तणासंगं थोडं पीकही करपेल,
केस जातील, उलट्या होतील,
मग पुन्हा फुटवा येईल.

मला वाटलं, जमलं.
एवढा मोठा दगड फोडून
खडे करून तिच्या पदरात टाकले.
एक खडा मुठीत ठेवला.
तो डॉक्टरही बोलले नव्हते.

काजल गप्प. पोरीच्या केसांत बोटं.
मग विचारलं,
तण कोणतं? माठ, चिघळ, का कुंदा?

सातव्या वर्षी खुरपं धरलेली बाई.
चिघळ वरच्यावर उपटतो आम्ही, भाजीही करतो.
कुंदा कंबरभर खोल जातो,
नांगरला तर तुकड्यातुकड्यातून फुटतो.
त्याच्यापायी रान पडीक टाकलेली माणसं
तिनं पाहिली असतील. मीही पाहिलीत.

डॉक्टर म्हणाले, काय म्हणतायत?
कधी नव्हे ते मला उलटीकडून सांगावं लागलं.
सर, त्या विचारतायत, कुंदा आहे का.
कुंदा म्हणजे?
धर्माबादच्या किराणा दुकानदाराचा मुलगा,
मिरचीचा भाव ठाऊक, तणाचं नाव कुठून असणार.
कुंदा सांगायला तीन मिनिटं लागली.
एकवीस खाटा थांबल्या.

त्यांनी पायानं स्टूल ओढलं आणि बसले.
चार वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचं टक्कल वरून दिसलं.
फाईल मिटली.
माहीत नाही, म्हणाले. असू शकतो.
तपासणी बाहेरगावाहून यायचीय, दहा दिवस.
कुंदाच निघाला तर अवघड आहे. फार अवघड.
पोरीला दुखू मात्र देणार नाही, तेवढं माझ्याकडं.

'माहीत नाही' मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं,
डॉक्टरांकडून तसं कधी आलंच नव्हतं.
जीभ अडली.
आमच्यात आहे तो शब्द, साधाच आहे,
याडी दिवसातून दहादा म्हणायची.

काजलनं ऐकलं. मान हलवली.
पदर तोंडाला लावून बाहेर गेली, व्हरांड्यात,
मासोळी माझ्या हातात.
समृद्धी म्हणाली, हिला पाण्यात सोडू का?

संध्याकाळी कागद. छापील ओळ:
मला समजेल अशा भाषेत सर्व माहिती देण्यात आली आहे.
काजलनं सही केली, तीन अक्षरं,
'ल' ओळीखाली घसरलेला.
साक्षीदार म्हणून मी.

पेन परत देताना विचारलं,
बाई, दहा दिवस तू दुपारचीच आहेस ना?

सोमवारपासून माझी रात्रपाळी होती.
हो म्हणाले.
मग मेट्रनच्या खोलीकडं गेले, पाळी बदलून मागायला.