चुकचुक

आधी संशय पालीवर गेला.
रात्रीचे साडेदहा. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे ती असतेच.
कुंदानं अंथरुणातूनच जमिनीवर बोट टेकवलं,
कृष्ण कृष्ण म्हटलं आणि कूस बदलली.
पण पाल दोनदा-तीनदा बोलते, मग विचार करते.
हे मोजूनमापून होतं. टक्. टक्. टक्. थांबून टक्.
टेबलाखालून.

मी मोटारी बांधतो. साकोलीच्या रस्त्याला, पंक्चरवाल्याशेजारी शेड.
तीन एचपी, पाच एचपी, तलावावरचे मोनोब्लॉक.
बेअरिंग गेलेली मला सायकलवरून जाता जाता कळते.
पेचकसाचं टोक बॉडीवर, मूठ कानाशी,
की लोखंड आपणहून सगळं ओकतं.
पण या खोक्यातही काही फिरतं
हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

सकाळी निळा पडदा. मग काळा,
त्यावर एक पांढरी रेघ, डोळे मिचकावत.
मृणालीनं नागपूरच्या नितेशला फोन लावला.
मामा, आधी सोपं ते बघा, म्हणाला.
रॅम काढा, खोडरबरानं घासा.
घासली. संत्र्याच्या वासाचं खोडरबर,
सोनेरी दात लखलखले, फरक शून्य.
मग वीज. उन्हाळी धानाचे पंप लागले
की आमच्याकडे बल्ब काविळीसारखे होतात.
मीटर लावला: पिवळी वायर बारा, लाल पाच.
वीज निर्दोष सुटली.
मग केबल बदलली. मग डिस्कच उचलून
कपगते सरांच्या चांगल्या मशीनला जोडली.
तिथंही तेच. टक्. टक्. टक्.
सर म्हणाले, घर बदलल्यानं खोड जात नाही.

तेव्हा मी पेचकस कानाला लावला.
आत कोणीतरी जागा शोधत होतं,
सापडत नव्हती, पुन्हा आरंभाला जात होतं,
जसा दंडारीतला सोंगाड्या ओळ विसरला
की पहिल्यापासून सुरू करतो
आणि ढोलकीवाला बिचारा मागे मागे.
ही बेअरिंग नव्हती.

फ्रीजात ठेवून पाहा, सरांनी कुठंतरी ऐकलं होतं.
कुंदा म्हणाली, माह्या फ्रीजात? मासोरीच्या बाजूले?
नितेश म्हणाला, आता चालू-बंद करू नका.
एकदा उठेल. उठली की हवं ते आधी काढून घ्या.

हवं ते.
कुंदा: बचत गटाचा हिशेब. बाया मले खातीन.
मृणाली: फोटो, बाबा, फोटो.
मी बोललो नाही. 'मोटार' नावाची एक शीट होती,
अकरा वर्षांची. कोणाची मोटार, किती खाचा,
एका खाचेत किती फेरे, तार कोणत्या गेजची.

दुपारी दोनला ती उठली.
उरलेला वेळ: तीन तास. मग नऊ दिवस.
मग एक मिनिट. मग पुन्हा नऊ दिवस.
एवढा शब्द तर आमचा लाइनमनही फिरवत नाही.
हिशेब आला, पैशापैशासकट.
फोटो आले, काही अर्धे राखाडी:
मावशीच्या लग्नाची पंगत
वरण वाढणाऱ्या हातापर्यंतच.
माझ्या शीटवर बाण नेला, आणि
टक्.
मग तेही नाही.

तुमचंच राह्यलं, कुंदा म्हणाली. तोंड उघडाचं होतं.
मी म्हटलं, फेरे काय, मोजता येतात.

त्या रात्री पट्टीमागून चुकचुक झाली
आणि आम्ही तिघंही उठून बसलो.
मृणालीनं वाकून टेबलाखाली पाहिलं.
खोका तर सरांकडेच होता.
कुंदानं बोट टेकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढोक्यांची पाच एचपी आली, जळलेली.
वास तोच, लाखेचा.
जुनी तार कापायच्या आधी एक खाच मोजली.
बेचाळीस.
पुन्हा मोजली. एक्केचाळीस.
चष्मा पुसला,
आरंभाला गेलो.