कुठल्याबी

बा कानस घेऊन बसायचा.
रडारचं कपाट यायचं, दर जहाजाची खाच निराळी.
घासायचा, फुंकायचा, परत घासायचा.
"ह्याचं त्याला जमत न्हाई, बगा,"
म्हणायचा, रुबाबात.

उद्यमबागेत माझ्या टेबलावर कानशीला मनाई.
खोकं गेजमधून सरकवायचं.
गेलं तर गेलं,
अडलं तर लाल डबा.
शहाण्णव पिना, दोन स्क्रू, नावाच्या जागी आकडा.
बसलिंगप्पा कन्नडात मोजतो, मी मराठीत मोजते,
फॉर्म इंग्रजीत.

समुद्र एकदाच पाहिलाय, कारवारला,
वऱ्हाडाच्या गाडीतनं.
पण रात्रपाळीला लाइट गेली
की हात खोक्यावर तसाच राहतो:
आत्ता कुठंतरी, हलत्या डेकखाली
कुणी पोरगा बिघडलेलं उपसून
फळीवरचं हाताला लागेल ते
आत ढकलतोय.
टक्.
पडद्यावरची रेघ पुन्हा फिरायला लागते.

बाला सांगितलं.
"कुठल्या जहाजाचं म्हणालीस?"
"कुठल्याबी."
बराच वेळ गप्प. पान चघळत.
मग अंगठा हवेतच एका कडेवरून फिरवत म्हणाला,
"कोपरे तरी मारलेस काय नीट?
अंधारात पोराचा हात कापंल."